बारा कोसांचा हिशेब

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असें आपल्याकडे फार दिवसांपासून म्हणतात. म्हण जुनी आहे आणि तिच्यांत तथ्यहि आहे. परंतु ती ज्यानें प्रथम उच्चारली तो मनुष्य बहुधा सपाटीवरून चालणारा असावा, अशी आमची समजूत आहे. कृष्णेच्या कांठाकांठानें वाईहून सांगलीपर्यंत गेलें तर बारा कोसांच्या चार मजला सहज होतात, आणि तरीहि बोलण्यांत पडलेला फरक कान देऊन ऐकणाऱ्यासच उमगतो. उलट वरंध घाटाच्या माथ्यावरून पश्चिमेस उतरूं लागलें कीं दोन-तीन कोसांतच ओढ्याचें नांव निराळें होतें, भाकरीचें पीठ निराळें होतें आणि हेलहि निराळा होतो. कोस दोन्हीकडे सारखेच. पण म्हणीनें चढ-उतार हिशेबांत धरलेला नाहीं. हा हिशेब एकदां नव्यानें मांडून पाहावा असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. त्यासाठीं शिवथरच्या खोऱ्याइतकें सोयीचें दुसरें ठिकाण आम्हांस ठाऊक नाहीं.

शिवथर म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें समर्थांची घळ उभी राहणार, आणि तें योग्यच आहे. तिच्याविषयीं पुढें बोलूं. आधीं भूमीचें रूप पाहूं. महाडाहून बिरवाडीवरून आंत वळलें म्हणजे डोंगर हळूहळू जवळ येऊं लागतात आणि शेवटीं तिन्ही बाजूंनीं सह्याद्रि उभा राहतो. कसबे, आंबे आणि कुंभे अशीं तीन शिवथरें ह्या खोऱ्यांत आहेत. माथ्यापलीकडे भोरचा मुलूख. महाडाकडे वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घळीच्या तोंडाशीं पावसाळ्यांत धबधबा असा कोसळतो कीं शेजारीं उभ्या असलेल्या माणसाशींहि ओरडूनच बोलावें लागतें. महाबळेश्वरीं तर ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. आणि तेथून अवघ्या तीस-बत्तीस किलोमीटरांवर, डोंगराच्या आडोशास असलेल्या वाईस त्याचा पांचवा हिस्साहि क्वचितच मिळतो. त्याच महाबळेश्वराच्या पठारावरून सावित्री पश्चिमेस उतरते आणि लवकरच बाणकोटाशीं समुद्रास मिळते. कृष्णा पूर्वेकडे वळून १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास जाते. एका पठारावरचें पाणी दोन समुद्रांस वांटून देणारा हा माथा आहे. तो माणसांच्या बोलण्यास कसा वांटणार नाहीं?

भूमि निराळी झाली कीं शब्द निराळे होतात, हें उघडच आहे. जेथें माड नाहीं तेथें माडाच्या अंगोपांगांचीं नांवें कोण शिकणार? परंतु त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, कित्येकदां शब्द तोच राहतो आणि त्याच्या पोटांतील अर्थ बदलतो. 'रान' हा शब्द घ्या. कोंकणांत रान म्हणजे अरण्य. देशावरचा शेतकरी मात्र आपल्या नांगरलेल्या जमिनीसच रान म्हणतो. आमच्या मातोश्री पोलादपूर तालुक्यांतील एका खेड्यांतून १९६१ सालीं लग्न होऊन वाईस आल्या. सासरीं येऊन दोन-तीन दिवस झाले असतील-नसतील, तोंच गड्यानें दारांतून निरोप दिला, "मालक रानांत गेल्यात, भाकरी तिकडंच मागितलीय." मातोश्रींच्या पोटांत धस्स झालें. त्यांच्या माहेरीं रानांत जाणें म्हणजे हातीं कोयता घेऊन, दोघां-तिघांच्या सोबतीनें जाणें. मामंजींनीं एकट्यानें रानांत शिरावें असें काय घडलें, हें विचारण्याचीहि नव्या सुनेस चोरी! शेवटीं त्यांचा उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंनींच विचारलें, तेव्हां उलगडा झाला आणि घरांत हंशा पिकला. ती गोष्ट आमच्या घरीं अद्याप चवीनें सांगतात. पण नीट पाहिलें तर त्यांत कोणाचेंच चुकलें नव्हतें. देशावरच्या मोकळ्या मुलखांत झाडी जाऊन तिच्या जागीं शेती आली आणि नांव मात्र जुनेंच राहिलें असावें. कोंकणांत शेताचे तुकडे दरीच्या तळाशीं आणि रान अजून डोंगराच्या अंगावर, त्यामुळें शब्दास जागचें हालण्याचें कारणच पडलें नाहीं.

'खळें' ह्या शब्दाचीहि अशीच गति. देशावर खळें म्हणजे मळणीची जागा, बहुधा शेतांतच. खालीं रत्नागिरीकडे खळें म्हणजे घरापुढचें सारवलेलें अंगण. जेथें सपाट जागाच हातभर, तेथें धान्य झोडपण्याची आणि चार माणसांनीं बसण्याची जागा एकच व्हावी, ह्यांत नवल नाहीं. भाकरी दोन्हीकडे आहे. पण वर ती ज्वारी-बाजरीची आणि खालीं तांदळाची किंवा नाचणीची. ती नाचणीहि उत्तरेस नाशिककडे गेली कीं नागली होते. फार काय, देशस्थ, कोंकणस्थ, कऱ्हाडे हीं जीं नांवें आपण पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या अभिमानानें मिरवितों, तीं तरी कोणतीं? घाटाच्या वरचे, घाटाच्या खालचे आणि कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळचे. इतकाच त्यांचा मूळ अर्थ. आपल्या कुळांस नांवें देण्याचें काम डोंगरांनीं आणि नद्यांनीं केलें आहे.

शब्दांपेक्षां ध्वनि अधिक हट्टी असतात. 'केलें', 'सांगितलें' ह्यांच्या माथ्यावर आपले वाडवडील जो अनुस्वार देत, तो मुळांत नुसता शोभेचा नव्हता. तेथें एके काळीं नाकांतून उच्चार होत असे. देशावर तो उच्चार लोपला, शिष्ट मराठींत तो कागदावर उरला, आणि साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं तो कागदावरूनहि गेला. उच्चार नाहीं तर चिन्ह कशास, असा तो सरळ न्याय होता. परंतु घाटाखालीं निराळाच प्रकार. चित्पावनींत 'केलां', 'सांगितलां' असें म्हणतात, आणि 'काय' ऐवजीं 'कितां' विचारतात, मालवणींतहि 'केलां', गोव्याच्या कोंकणींत 'केलें'. सर्वत्र तो अनुस्वार नाकांत घुमतो. मातोश्रींचें माहेरचें घराणें मूळचें रत्नागिरीकडचें, त्यामुळें घरांत बोलणें चित्पावनी. आम्ही आजवर हा अनुस्वार लिहीत आलों, ह्याचें वाचकांस नवल वाटत असेल. पण आम्हीं तो पुस्तकांत पाहण्यापूर्वीं कानांनीं ऐकला आहे.

हें असें कां होतें, ह्याचा विचार शास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला आहे. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडांत मराठीच्या बोली मांडल्या आहेत, पुढें डॉ. अ. मा. घाटगे यांनीं १९६३ पासून एकेका बोलीचें स्वतंत्र पुस्तकच काढलें, आणि कुडाळपासून कासरगोडपर्यंतचें बोलणें टिपून ठेविलें. इटलीचे पंडित मात्तेओ बार्तोली यांचें म्हणणें असें कीं, नवीं रूपें मध्यवर्ती, रहदारीच्या प्रदेशांत निघतात आणि जुनीं रूपें कडेच्या, आडवळणाच्या प्रदेशांत टिकतात. आइसलंडचें उदाहरण प्रसिद्धच आहे. नवव्या शतकांत नॉर्वेकडून गेलेले लोक त्या बेटावर समुद्रानें वेढून राहिले. आजचा तेथील शिकलेला मनुष्य तेराव्या शतकांतील कथा फारशा सायासावांचून वाचतो, आणि मूळच्या नॉर्वेंत मात्र भाषा कितीतरी पालटली. आपलेंच उदाहरण हवें असल्यास तंजावर पाहावें. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून गेलेल्या कुटुंबांची मराठी चहूंकडून तमिळनें वेढली. तिनें तमिळ शब्द तर घेतलेच, पण इकडे नाहींशीं झालेलीं कित्येक जुनीं रूपेंहि जपलीं. दुसरी बाजू कॉकेशस पर्वताची. तेथें दरी-दरीगणिक निराळी भाषा. अरब भूगोलकारांनीं त्यास 'भाषांचा पर्वत' असेंच नांव दिलें होतें. सारांश, अडसर दोन कामें करतो: शेजाऱ्यापासून तोडतो आणि आंतलें जपतो. तिजोरीचें दारहि हेंच करतें.

पण डोंगर म्हणजे भिंत, हें अर्धेंच सत्य झालें. बाणकोटच्या खाडीनें गलबतें सावित्रींतून महाडापर्यंत येत. तेथून मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर घाटवाटांनीं वर जाई, आणि वरून धान्य खालीं येई. वरंध, मढे, पार हीं त्या वाटांचीं नांवें. ज्याच्याशीं सौदा करावयाचा त्याचें बोलणें समजावें लागतें. म्हणून ह्या वाटांच्या दोन्ही टोकांस एकमेकांचे शब्द रुजले. किनाऱ्यास तर समुद्र हाच राजरस्ता. म्हणूनच कोंकणांतील बोलींचे पट्टे दक्षिणोत्तर पसरलेले दिसतात. बाणकोटच्या खलाशास डोंगरापलीकडच्या भोरापेक्षां मालवण जवळचें होतें.

पुढें १८३० मध्यें खंडाळ्याच्या बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी चढली, आणि मोठी वाहतूक तिकडे वळली. लहान घाटवाटा ओस पडूं लागल्या, महाडच्या बंदराचें महत्त्व ओसरलें. खोऱ्यांतील तरुण मुंबईच्या गिरण्यांकडे निघाले. डोंगर जागचा तसूभर हालला नाहीं, पण भूगोल बदलला. कोण कोणापासून दूर आहे, हें डोंगर एकटा ठरवीत नाहीं. वाट कोठून जाते आणि तिच्यावरून कोण चालतें, ह्यावर तें ठरतें. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ घाट चढून वर आले आणि १७१३ मध्यें पेशवे झाले. त्यांच्यामागून कितीतरी कोंकणी कुटुंबें देशावर आलीं. त्यांनीं राज्य चालविलें खरें. पण दप्तरांत लिहिली ती भाषा देशावरचीच, आणि कांहीं पिढ्यांत घरचें 'केलां' बाहेर 'केलें' झालें. सत्ता त्यांची आणि भाषा भूमीची, असा तो व्यवहार झाला.

ह्या वाटांवरून चाललेलें आणखी एक माणूस इतिहासांत फारसें येत नाहीं. तें म्हणजे सून. व्यापारी घाट चढला तर मोल-तोलाचे शब्द घेऊन चढतो. सून चढते ती अंगाई, शिव्या, पदार्थांचीं नांवें, आजारपणांतले उपचार आणि देवाजवळचें गाऱ्हाणें, एवढें सगळें घेऊन. आपलीं एकत्र कुटुंबें ह्या दृष्टीनें पाहावीं. एका स्वयंपाकघरांत घाटाखालची सासू, पंढरपूरकडची जाऊ आणि नागपूरची धाकटी सून एका वेळीं वावरत असतात. तेथें रोज ज्या तडजोडी होतात, त्याच लहान प्रमाणावर भाषेचा इतिहास आहेत. मूल मात्र तिघींच्याहि मांडीवर वाढतें, आणि कोणाचें कोणतें हें न विचारतां सगळेंच उचलतें.

आतां घळीकडे वळूं. परंपरा असें सांगते कीं, शके १५७६, म्हणजे इ. स. १६५४ मध्यें समर्थ ह्या घळींत येऊन राहिले, आणि येथें दासबोध सांगितला गेला; लेखक कल्याणस्वामी. खोरें त्या वेळीं जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखांत. दोन वर्षांनीं, १६५६ मध्यें, शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली. ज्या जागीं पावसाळ्यांत मनुष्यास मनुष्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं, तेथें बसून मराठींतला सर्वांत दूरवर ऐकूं गेलेला असा एक ग्रंथ व्हावा, हा योगायोग आम्हांस फार विचार करावयास लावतो. भूगोलच सर्व कांहीं करीत असता तर वीस दशकांचा, दोनशें समासांचा, ७,७५१ ओव्यांचा तो ग्रंथ ह्या एका खोऱ्यापुरता राहिला असता. पण समर्थांचा जन्म गोदावरीच्या खोऱ्यांत जांबेस, तपश्चर्या नाशिकाजवळ टाकळीस, मग बारा वर्षें भरतखंडांत भ्रमण, मग कृष्णाखोऱ्यांत चाफळ. इतक्या वाटा तुडवून आलेल्या पुरुषाची वाणी कोणत्या एका दरीची कशी असणार? ती घाटावरच्यास समजे आणि खालच्यासहि. मठांमठांतून नकला झाल्या, पोथी तंजावरच्या मठापर्यंत पोंचली. इकडे ती जागा मात्र लोकांच्या विस्मरणांत गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ती १९३० मध्यें पुन्हां शोधून काढली. गांव हरवलें, पण ग्रंथ हरवला नाहीं. कारण ग्रंथ लोकांच्या तोंडीं होता. जागेस भाषा घडवितां येते. तिला जिवंत ठेवण्याचें काम बोलणाऱ्यांकडेच राहतें.

हें वाक्य लिहितांना आम्हांस घरचीच गोष्ट आठवते. मातोश्रींचें वय आज ऐंशींच्या पुढें आहे. वाईस आल्यापासून त्या घरांत देशावरचें बोलतात. माहेरचें बोलणें त्या केवळ आपल्या थोरल्या भावाशीं बोलत. मामांचा फोन आला कीं आवाजाचा पोतच बदले. 'कितां', 'केलां', 'सांगितलां' अशी सरबत्ती सुरू होई, आणि नातवंडें हंसून एकमेकांकडे पाहत. एकदां आमची नात म्हणाली, "पणजी, केलां नाही म्हणायचं, केलं म्हणायचं. बाईंनी सांगितलंय." मातोश्रीहि हंसल्या, पण त्या दिवसापासून फोन आला कीं त्या आंतल्या खोलींत जाऊन दार ओढून घेऊं लागल्या. मामा २०१९ मध्यें वारले. त्यानंतर त्या बोलण्यास घरांत दुसरें टोक राहिलें नाहीं. रडणें आवरल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "आता तसं बोलायला कोणी नाही." भाऊ गेल्याचें दुःख आम्ही समजूं शकत होतों, त्याबरोबर एक सबंध घर त्यांच्या तोंडांतच बंद झालें, हें कळावयास आम्हांस वेळ लागला.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही त्यांना शिवथरला घेऊन गेलों. घळीचें दर्शन झालें. परततांना वाटेंत एका घराच्या ओटीवर एक वृद्ध शेतकरीण सूप घेऊन बसली होती, तेथें विसाव्यास थांबलों. मातोश्रींनीं शेजारच्या ओहळाकडे बोट केलें. ती म्हणाली, "पावसात ह्यो पऱ्या लय दांडगा असतो, बाई." 'पऱ्या' हा शब्द ऐकतांच मातोश्री तिच्याजवळ सरकून बसल्या. मग पाऊण तास राब भाजण्याविषयीं, आगोटीच्या बेगमीविषयीं, शेवाळलेल्या पाखाडीविषयीं दोघींचें बोलणें चाललें होतें. तिची बोली आणि मातोश्रींची माहेरची बोली एक नव्हे; जात निराळी, उच्चार निराळे. पण पाऊस तोच, उतार तोच, म्हणून त्यांचीं नांवेंहि तींच. जातीनें दिलेलें बोलणें घरांतल्या घरांत संपूं शकतें. भूमीनें दिलेले शब्द शेजाऱ्याच्या ओटीवर सांपडतात, हें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें.

परंतु तेथेंहि ते कायमचे राहतील, अशी खात्री कोण देईल? २२ जुलै २०२१ रोजीं ह्याच महाड तालुक्यांतील तळीये गांवावर दरड कोसळली, आणि ८० हून अधिक माणसें गेलीं. वाडी गाडली जाते तेव्हां माणसांबरोबर तेथील पाणवठ्याचें, बांधाचें, वळणावरच्या आंब्याचें नांवहि जातें. तीं नांवें कोणत्याच नकाशावर नसतात. दरड न कोसळतांहि वाड्या रित्या होत आहेत. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे सुरू झाली, महामार्ग रुंदावला, खोऱ्यांत मोटार आली, प्रत्येकाच्या हातीं फोन आला. ह्याचा आम्हांस खेद नाहीं. वाट आली कीं औषध येतें आणि शाळाहि येते. मात्र ज्या अडसरानें बोली आजवर जपल्या, तो आतां उरला नाहीं, आणि डोंगर जें काम फुकट करीत होता तें आतां माणसांनीं जाणून करावें लागणार आहे.

तें काम अवघड नाहीं. मुलांस शुद्ध लेखन शिकवूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सर्वांस समजणारी एक भाषा हवीच, आणि दासबोधाची थोरवी त्यांतच आहे. पण शाळेंतलें शुद्ध म्हणजे आजीचें अशुद्ध, हें समीकरण घरांत शिरूं देऊं नये. घाटाखालच्या सासूस किंवा वऱ्हाडांतल्या सुनेस 'तुमच्याकडे ह्यास काय म्हणतात?' असा प्रश्न जेवतांना सहज विचारावा, आणि उत्तर आलें कीं लिहून ठेवावें. आमच्या घरीं अशी एक वही केली आहे. नात लिहिते आणि पणजी सांगते; सव्वादोनशें शब्द झाले आहेत. परवां नातीनें 'पाखाडी' पुढें 'दगडी पायऱ्यांची वाट' असें लिहून वाचून दाखविलें. मातोश्रींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण पुढं लिही, पावसात हिच्यावरून जाताना दुसऱ्याचा हात धरावा लागतो."